वळणावरची राख

"वारं कुठून हाय, अक्का?"

शेवटच्या भेटीत अंगदने मला एवढेच विचारले. अंबाजोगाईच्या दवाखान्यातली ती खोली, फिनेलचा उग्र वास, सलाइनच्या नळीतून अडखळत उतरणारा थेंब... आणि पांढऱ्या चादरीखाली हलणारे त्याचे पाय. संथ, गोल, एकामागून एक. परिचारिकेला वाटे, पोटऱ्या दुखत असतील म्हणून हलवतो. मला ठाऊक होते, तो कुठल्या तरी रस्त्यावर आहे. मी उठून खिडकी उघडली, खालच्या कडुनिंबाचा शेंडा कुठे झुकतो आहे ते पाहिले आणि म्हटले, "मागून आहे रे. थेट पाठीवर." तो डोळे मिटूनच हसला. "मग आज आपल्याला काम न्हाई," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात वर्ग घेत असताना फोन आला. खडू हातातच राहिला. खिडकीबाहेरचे झाड त्या वेळी अगदी स्तब्ध होते, हे मात्र मी पाहून ठेवले... त्याने विचारले असते.

त्याचे काम वाऱ्याशी होते, ते असे. अंगद माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच लहान, आणि व्यावसायिक सायकलपटू. दिवसामागून दिवस, टप्प्याटप्प्याने, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या शर्यतींत तो पुण्याच्या एका संघाकडून उतरत असे. अशा संघात एक कप्तान असतो. जिंकायचे ते त्याने. बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून समोरचा वारा आपल्या छातीवर घ्यायचा, मागच्या गाडीपर्यंत जाऊन त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचे चाक बसले तर आपले काढून द्यायचे. अंगद त्या बाकीच्यांतला. वर्षानुवर्षे तो दुसऱ्याचा आडोसा होऊन धावला, आणि त्याबद्दल त्याच्या तोंडून कुरकुर अशी मी ऐकली नाही. फक्त एकदा, दिवाळीला घरी आलेला असताना, करंजी मोडता मोडता म्हणाला होता, "अक्का, एक डाव आपल्या जिल्ह्यात पहिलं यायचं हाय. एकच डाव. मग ऱ्हायलं तरी चालंल."

वारा त्याला लहानपणीच भेटला होता. त्याचे आई-वडील, म्हणजे माझे काका-काकू, दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जात, आणि शाळेपायी अंगद हिवाळाभर आमच्या घरी राही. माझ्या वडिलांची काळी, अवजड सायकल होती. आडव्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत तो ती रस्त्यावर काढी आणि उसाच्या ट्रॉलीमागे लागे. एकदा वडिलांनी त्याला पकडून आणले. "मरायचंय का बे?" म्हणून कान धरला. तर हा डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू घेऊन सांगतो, "काका, टॅक्टरच्या मागं वारंच न्हाई. पाय आपोआप फिरतेत. तुमी येऊन बघा." त्याच्या सदऱ्याला डिझेलचा आणि ताज्या उसाच्या रसाचा वास एकत्र येत होता. तो वास मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा लख्ख आठवतो.

पण मला आज सांगायचा आहे तो एकच दिवस. शर्यतीचा एक टप्पा त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातून जाणार होता: गेवराईहून निघून माजलगाव, तेलगाव, मग आमचे गाव, सिरसाळा, परळी, आणि शेवटी घाट चढून अंबाजोगाई. संघाच्या गाडीत एका पाहुण्याला जागा असे. अंगदने ती काकूसाठी मागितली होती; काकूने नाही म्हटले. फोनवर तो मला म्हणाला, "माय म्हणती, मी गावात पायजे, तुला ओवाळायला. तूच बस गाडीत." मी म्हटले, "मला काय कळतं त्यातलं?" "कळायला कावून पायजे? डोळे हायत न्हवं तुला? मी कसा दिसत होतो ते मला नंतर सांग. आमाला आमी कदी दिसतच न्हाई."

जानेवारीची सकाळ होती. हवेत शेकोट्यांचा धूर आणि हुरड्याचा गोडसर, हिरवा वास. गेवराईच्या मैदानात शंभरेक सायकली उभ्या होत्या, आणि त्यांच्या पातळ चाकांवर ऊन असे थरथरत होते की त्या उभ्या असूनही धावत आहेत असे वाटावे. संघाचे व्यवस्थापक इंगवले सर, मूळचे कोल्हापूरचे, गाडीच्या बॉनेटवर रस्त्याचा नकाशा पसरून बोलत होते. कप्तान हरमन, पंजाबचा उंच, अबोल मुलगा. एकूण शर्यतीत तो अगदी थोड्या फरकाने पुढे होता, म्हणून त्याच्या अंगात आघाडीवाल्याचा पिवळा सदरा होता. इंगवले सर अंगदला म्हणाले, "हरमनला परळीपर्यंत नीट आणायचं. घाटाच्या पायथ्याला तो पहिल्या घोळक्यात असला, की तिथून तू मोकळा. बघू तुझ्या पायांत काय आहे."

अंगद माझ्या खिडकीशी आला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी परीक्षेच्या निकालाला होत तशा. "अक्का, ऐकलं का? सर मोकळा म्हनले." इतकेच बोलून तो वळला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हा शब्द त्याला कुणी दिला नव्हता.

शिट्टी झाली आणि शंभर साखळ्या एकदम बोलू लागल्या. तापल्या तव्यावर तीळ टाकावेत तसा तो आवाज. मी मागच्या आसनावर, शेजारी सोलापूरचा मेकॅनिक सलीम आणि आमच्या दोघांच्या मांडीवर जादा चाके. "मॅडम, चाक लेकरावानी धरा," तो म्हणाला, "आवळू नका, सोडू बी नका." करडईची पिवळी रानं, ज्वारीची ताटं, मधूनच उसाने लादलेला ट्रॅक्टर रस्त्याकडेला थांबवून उभे असलेले चालक... सारे खिडकीवरून ओढले जात होते. दर थोड्या वेळाने अंगद मागे येई, सदऱ्यात पुढून-मागून बाटल्या कोंबून घेई, आणि पोटुशी बाईसारखा जड होऊन पुन्हा घोळक्यात शिरे. "वझं किती नेतो हा पठ्ठ्या," सलीम म्हणाला. "आज तर एक बाटली जास्तच मागतोय." इंगवले सर हसले. "आज त्याचं लग्न आहे रे."

तेलगाव मागे पडले तसा इंगवले सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "ताई, आता एक गंमत बघा. आमच्यात एक रिवाज आहे. कुठं लिहिलेला नाही. ज्याचं गाव वाटेत येतं, त्याला सगळे पुढं जाऊ देतात. त्यानं घरच्यांना भेटायचं, पाया पडायचं, आणि घोळका आला की गपचीप त्यात मिसळायचं. त्या आघाडीचा फायदा घ्यायचा नाही. घेतला, तर परत त्याच्याशी कुणी बोलत नाही." तोवर पुढे हरमनने अंगदच्या पाठीवर थाप मारलेली दिसली. घोळक्याचा वेग मंदावला, मधोमध एक वाट उघडली, आणि त्या वाटेतून माझा भाऊ एकटा पुढे निघाला. अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन सरांनी आमची गाडी त्याच्यामागे काढली. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, दोन्हीकडे ज्वारी, आणि मध्ये अंगद... त्याने हँडल सोडून दोन्ही हात हवेत पसरले होते.

आमच्या गावात शिरताना रस्ता थोडा उतरतो आणि लिंबाच्या पाराशी एकदम उजवीकडे वळतो. त्या वळणावर गाव उभे होते. अर्धे गाव तोडीला गेलेले, म्हणून जे होते ते सारे: बाया, म्हातारी माणसे, शाळेच्या पोरी. आणि रस्त्यावर... काय सांगू, काय देखणे होते ते. पाहुणा येणार म्हणून जे अंगणात करायचे, ते त्यांनी डांबरावर केले होते. पहाटेपासून शेणकाल्याचा सडा, हिरवागार, ओला; त्यावर वळणभर रांगोळी; आणि मधोमध रांगोळीचीच एक सायकल, दोन चाके, एक-एक आरी मोजून काढलेली, वर झेंडूच्या पाकळ्या. काकू ताट घेऊन पुढे, निरांजनाची ज्योत पदराने झाकलेली.

मला तो सोहळा दिसला. अंगदला उतारावरचे ओले वळण दिसले.

त्याने ब्रेक दाबले, मागचे चाक शेणावर सरकले, आणि पाय टेकून तो उभा राहिला. उतरला. बूट घसरला तसा काकूनेच त्याचा दंड धरला. "कुणी टाकलं हे?" त्याने विचारले. "आमीच की," काकू कौतुकाने म्हणाली, "तुज्यासाठी. आनी ही सायकल बी काढली बघ." त्याने मागे, चढावरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले. "माय, ओवाळनं ऱ्हाऊ दे. बारदानं आना. पुसा हे समदं."

"आरं पन रांगोळी..."

"माय, शंभर जन येतेत मागून. एकाचं चाक सरकलं, तर एकावर एक पडतेल. हाडं मोडतेल त्यांची."

पारावरून एक म्हातारा म्हणाला, "मी सकाळीच म्हनलो होतो, कोरडी काढा. कोन ऐकतंय." त्यावर एक बाई फणकारली, "गप ऱ्हावा मामा. तुमीच म्हनलता, दोन बादल्या आनखी वता." आणि मग काकूने निरांजनाचे ताट पारावर ठेवले, पदर कमरेला खोचला, शेजारच्या आडत दुकानातून कुणी तरी फेकलेले बारदान उचलले आणि त्या सायकलीच्या पहिल्या चाकावर स्वतः फिरवले. पाकळ्या, आऱ्या, शेण, सारे एका हिरव्या फरकाट्यात मिसळले. मग मात्र गाव तुटून पडले. सलीम गाडीतून उडी टाकून उतरला, इंगवले सर उतरले, मी निऱ्या वर खोचून बारदान घेतले. पुसूनही डांबर ओलसरच राही. तेव्हा काकू ओरडली, "अगं, तेल सांडल्यावर काय टाकता? राख आना. चुलीतली राख." घराघरांतून सूप, घमेली, पाट्या भरभरून राख आली. गरम, मऊ, गोवऱ्यांच्या वासाची. सारे वळण करडे झाले.

वर चढावर घोळक्यापुढच्या मोटारसायकलची शिट्टी ऐकू आली. अंगद सायकल उचलून निघाला, तशी काकूने राखेत बोट बुडवले आणि त्याच्या कपाळावर ओढले. "कुकवाला टाइम न्हाई," म्हणाली. तो उताराच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून खाली, खाली, असे दाखवू लागला. मघा हेच हात आनंदाने पसरले होते. घोळका आला. त्याने अंगदला ओळखले. शंभर ब्रेक एका सुरात चिरकले, चाके राखेतून हळूहळू वळली, आणि करडा धुरळा गुडघ्यापर्यंत उठला. एकही जण पडला नाही. हरमनने जाता जाता अंगदच्या खांद्याला हात लावला. पुढे परळीत, वैजनाथाच्या गावातून जेव्हा ती सारी मुले भस्म लावलेल्या पायांनी गेली, तेव्हा बघणाऱ्या लोकांनी म्हणे हात जोडले होते. त्यांना काय ठाऊक, ते आमच्या चुलींतले होते.

सगळे निघून गेल्यावर अंगद सर्वांत शेवटी सायकलवर बसला. आणि नेमक्या त्याच वेळी गाडीतला वायरलेस खरखरला. गावाबाहेर रस्ता उघड्या रानात निघतो. तिथे आडवा वारा धरून दुसऱ्या एका संघाने वेग वाढवला होता. घोळका फाटला होता. हरमन मागच्या तुकड्यात, जवळ संघातले कुणी नाही. त्याचा आडोसा आमच्या गावात राख टाकत राहिला होता.

इंगवले सरांनी स्टिअरिंगवर हात आपटला. गाडी अंगदच्या शेजारी नेऊन ते म्हणाले, "माझ्या मागं लाग थोडा वेळ. कोण बघत नाही." ट्रॅक्टरमागे पाय कसे आपोआप फिरतात, हे अंगदइतके कुणाला ठाऊक असणार? अंगदने मान हलवली. "नगं सर. दंड बसंल हरमनला बी." मग माझ्या खिडकीत डोकावला. कपाळावरची राख घामाबरोबर नाकापर्यंत उतरली होती. "अक्का, वारं कुठून हाय?" मी ज्वारीकडे पाहिले. सगळी कणसे एकाच अंगाला कलली होती. "डावीकडून," मी सांगितले, आणि माझा आवाज मलाच नवा वाटला. तो रस्त्याच्या उजव्या कडेला सरकला, पाठ जमिनीला समांतर झाली, आणि निघाला.

पुढे सिरसाळ्यापासून परळीपर्यंत माझी नजर त्याच्या पाठीवरून हलली नाही. मागे पडलेला एक एक जण तो गाठे, दोन क्षण त्याच्या आडोशाला विसावे, आणि पुढच्याकडे झेपावे. ओढा ओलांडताना मुले दगडावरून दगडावर उड्या घेतात तसा. सलीमने चाक सोडून माझा हात धरला होता आणि दोघांनाही ते कळले नव्हते. "घेतला बघा. तो पन घेतला. आता पिवळा सदरा दिसतोय..." हरमनपाशी पोहोचल्यावर अंगद थांबला नाही. त्याच्या पुढे झाला, डावीकडचा सारा वारा आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला ओढत, ओढत, परळीच्या अलीकडे पहिल्या घोळक्याच्या शेपटाला नेऊन जोडले.

घाटाचा पायथा आला. इंगवले सरांनी वायरलेस तोंडाशी धरला आणि म्हणाले, "अंगद... मोकळा."

तो गेला. थकून गेला होता. मानेच्या शिरा, ओठांवरचे वाळलेले मीठ, सारे दिसत होते. तरीही गेला. सागाच्या वाळक्या पानांचा वास, तापलेले डांबर, वळणावर वळण, आणि आसनावरून उठून डोलणारी त्याची ती पाठ. पुढे निसटलेल्या चौघांपैकी तिघांना त्याने चढावरच गाठले. अंबाजोगाईच्या सरळ रस्त्यावर त्याच्यापुढे एकच उरला. दुतर्फा माणसे जिल्ह्याचे नाव घेऊन गर्जत होती, माझा आवाज केव्हाच फुटला होता. अंतर एका सायकलीचे झाले, मग अर्ध्या सायकलीचे... आणि रेघ आली.

अंगद दुसरा आला.

रस्त्याकडेला बसून त्याने माझ्याच फोनवरून काकूला सांगितले, "माय, दुसरा आलो." पलीकडून काकूचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दुसरा बी मोटाच की. कुनी पडलं का रं?" "न्हाई." "मग झालं." त्या संध्याकाळी पिवळा सदरा हरमनच्याच अंगावर राहिला. अंगद त्यानंतरही काही वर्षे धावला. मोकळा हा शब्द त्याला पुन्हा मिळाला नाही. मग गावी परतला, शाळेच्या मुला-मुलींना सायकल शिकवू लागला, आणि रक्ताच्या एका आजाराने त्याला फार थोडा अवधी दिला.

तेराव्यानंतर मी गावी राहिले होते. काकू चुलीपाशी बसली होती. बराच वेळ जाळ सारखा करत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तू गाडीत होतीस. खरं सांग. आमच्या सड्यानं त्याचा नंबर गेला का?"

हे मी अंगदला एकदा विचारले होते. शेतात हुरडा खात बसलो होतो. तळहातावरचे दाणे फुंकत तो म्हणाला होता, "वळनानं कोन हारत न्हाई, अक्का. जो पहिला आला त्याचे पाय चांगले होते त्या दिवशी." आणि मग, "...पर राखेतनं समदे कसे नीट गेले, ते बघितलं का तू? आपल्या गावातनं." मी काकूला हे जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले. "तो असंच सांगनार," म्हणाली. एवढेच. तिचे समाधान झाले की नाही, हे मी तिच्या चेहऱ्यावरून वाचू शकले नाही.

काकूच्या घरात गॅस येऊन किती तरी वर्षे झाली. चूल ती फक्त राखेसाठी पेटवते. सकाळी नळाला पाणी आले की ते वाहत वाहत पाराच्या वळणावर उतरते, आणि शर्यतीच्या त्या दिवसापासून काकू रोज घमेले घेऊन तिथे जाते. सणाची सडा-रांगोळीही आमच्या गावात आता उंबऱ्यापाशीच थांबते. रस्त्यावर कुणी थेंब टाकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती उठली, विझलेली राख घमेल्यात भरली. मी मागोमाग गेले. ओल्या डांबरावर तिने मुठीमुठीने, बी पेरावे तशी राख पसरली आणि पदराला हात पुसत कडेला उभी राहिली.

चढावर घंट्यांचा आवाज झाला. शाळेच्या पोरी, निळ्या गणवेशात, पाठीवर दप्तरे, अंगदने शिकवलेल्या. एकीमागे एक अशा ओळीने उतारावरून आल्या. सगळ्यांत पुढची, छाती वाऱ्याला देऊन, मागच्या तिच्या आडोशाला. वळणावर एकीनेही ब्रेक दाबला नाही. अंग आत कलले, वेण्या उडाल्या, राखेचा हलका धुरळा उठला आणि त्या सिरसाळ्याच्या दिशेने दिसेनाशा झाल्या.

राखेवर चाकांच्या रेघा उमटल्या होत्या, बारीक, वळणदार, एकीत एक गुंफलेल्या. काकू त्यांच्याकडे पाहत होती. मग रेघांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत, रिकामे घमेले घेऊन, ती घरी परतली.